एकोणिसातले दहा

कॅथरिन मॉरिस या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अमेरिकन आईचे ‘लेट मी हिअर युवर व्हॉइस’ हे पुस्तक १९९३ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. ‘मला तुझा आवाज ऐकू दे’ असा त्या शीर्षकाचा अर्थ; ते बायबलातील ‘गीतरत्न’ या ग्रंथातून घेतले आहे. तीस वर्षे उलटून गेलेल्या या पुस्तकावर आज लिहावेसे वाटले, त्याचे कारण निव्वळ साहित्यिक नाही. आमच्या धर्मग्रामातील एका शिक्षिकेने आपल्याजवळची प्रत मला वाचायला दिली. तिचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे आणि तो बोलत नाही. पुस्तकाच्या पूर्वार्धात जागोजाग ओळींखाली पेन्सिलीच्या खुणा होत्या. काही पानांवर तर समासही भरून गेला होता. पुस्तकातली मुलगी सुधारू लागते त्या सुमारास त्या खुणा अकस्मात थांबल्या. “पुढे वाचले नाहीत वाटते?” असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “वाचले, फादर. खूण करण्यासारखे माझ्यासाठी काही नव्हते.”

हे उत्तर डोक्यात ठेवून मी पुस्तक दुसऱ्यांदा वाचले. प्रस्तुत लेखन हे त्या दुसऱ्या वाचनाचे फळ आहे.

कथा थोडक्यात अशी. न्यूयॉर्कमधील एक सुशिक्षित कॅथलिक कुटुंब. पती फ्रेंच, पत्नी अमेरिकन. मोठा मुलगा डॅनियल, त्यानंतरची ॲन-मारी आणि मग धाकटा मिशेल. (ही सर्व नावे बदललेली आहेत; मुलांना पुढे आयुष्यभर या पुस्तकाचे ओझे वाहावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. आत्मकथने लिहिणाऱ्या आपल्याकडील मंडळींनी हा संयम जरूर पाहावा.) ॲन-मारी दोन वर्षांचीही झालेली नसताना तिला स्वमग्नता असल्याचे निदान होते. आलेले शब्द हरवत जातात, नजर माणसांवर ठरत नाही, रडण्याचे कारण कळत नाही. आई-वडील मार्ग शोधू लागतात आणि अखेर घरीच सुरू केलेल्या कसून केलेल्या वर्तनोपचाराने मुलगी बोलू लागते, इतर मुलांत मिसळते, पुढे तपासणीत तिच्यात स्वमग्नतेची लक्षणे उरत नाहीत. मग मिशेलमध्येही तीच चिन्हे दिसतात आणि सारा प्रवास पुन्हा करावा लागतो. तोही त्यातून बाहेर येतो.

पुस्तकाचा पूर्वार्ध निःसंशय श्रेष्ठ आहे. आपल्या लेकराकडे आई ज्या नजरेने पाहते, त्या नजरेत संशय हळूहळू कसा शिरतो, दाराशी आलेले सत्य ती किती वेळा परतवून लावते, नवऱ्याशी बोलताना कोणता शब्द टाळते, हे सारे लेखिकेने अश्रूंचा बाजार न मांडता लिहिले आहे. देवाशी तिचे भांडण आहे आणि ते तिने सभ्य करून दाखवलेले नाही. आमच्याकडे श्रद्धेची पुस्तके पुष्कळ निघतात. त्यांत प्रार्थना आणि तिचे फळ यांच्यामध्ये फारसे अंतर नसते. मॉरिसबाईंच्या प्रार्थनेला पुष्कळ पाने उत्तर मिळत नाही. शिक्षिकेच्या पेन्सिलीच्या खुणा सर्वांत दाट होत्या त्या इथेच.

या आईच्या डोक्यावर केवढा जुना आरोप लटकत होता, हे ध्यानात घेतल्याखेरीज पुस्तकाचे मोल कळायचे नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. त्यानंतरची दोन-तीन दशके मनोविश्लेषणाच्या प्रभावाखालील अनेक तज्ज्ञ मानत राहिले, की आईच्या मायेतील गारठ्यामुळे मूल स्वतःत मिटून जाते. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’मध्ये हेच मत लोकप्रिय केले. वास्तविक त्याआधी तीन वर्षे, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी या कल्पनेचा पाया उखडून टाकला होता. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडीलही. पण आईला दोष देण्याची सवय पुराव्याने जात नाही. आपल्या गावांतही ती गेलेली नाही. फक्त तिथे तिला नजर, गरोदरपणी घडलेली चूक, पूर्वजांचे पाप अशी वेगवेगळी नावे मिळतात. पापनिवेदनाला बसणाऱ्या धर्मगुरूला हे वेगळे सांगावे लागत नाही.

मॉरिसबाई या आरोपाविरुद्ध लढतात आणि लढता लढता स्वतःच त्याच्या जाळ्यात सापडतात. पुस्तकातील हा सर्वांत प्रामाणिक भाग होय. त्या काळी मिठीचा एक उपचार प्रचारात आला होता. डॉ. मार्था वेल्च या त्याच्या पुरस्कर्त्या, आणि पशुपक्ष्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल १९७३ साली नोबेल मिळालेले निको टिनबर्गन यांचाही त्याला पाठिंबा होता. आईने मुलाला घट्ट कवटाळून धरायचे, समोरासमोर. मूल झटापट करील, किंचाळेल, तरी सोडायचे नाही. शेवटी विरोध मावळतो आणि तुटलेला बंध जुळतो, असा हा विचार. लेखिकेला हा मार्ग मनापासून पटला. वर्तनोपचार तिला पशू शिकवण्यासारखा, रुक्ष, माणसाच्या आत्म्याला स्पर्श न करणारा वाटत होता. मिठीत मात्र तिला प्रेम दिसत होते. दोन्ही एकाच वेळी चालू झाले आणि मुलीतील सुधारणेचे श्रेय ती पुष्कळ दिवस मिठीलाच देत राहिली. पुढे तिला उमगले, की बंध तुटला होता असे मानणे म्हणजे तो आईने तोडला असे मानणेच आहे. ज्या आरोपातून ती सुटू पाहत होती, तोच आरोप मायेचा शेला पांघरून परत आला होता.

प्रेमासारखे दिसणारे निरुपयोगी ठरते, आणि कोरडी दिसणारी खुर्ची उपयोगी पडते. कादंबरीकाराने रचावे असे हे वळण लेखिकेला आयुष्याने दिले आणि तिने ते लपवले नाही.

त्या खुर्चीविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्या कुटुंबांतून वर्तनोपचार हा शब्द आता ऐकू येऊ लागला असला तरी त्यात नेमके काय करतात हे थोड्यांनाच ठाऊक असते. मूल आणि शिकवणारी समोरासमोर बसतात. एक छोटी सूचना दिली जाते: टाळी वाज, बाहुली दाखव, माझ्याकडे पाहा. मुलाने केले नाही तर त्याचा हात धरून करवून घेतात. केले की लगेच बक्षीस, म्हणजे खाऊचा कण, गुदगुल्या, शाबासकी. मग पुन्हा तेच, दहादा, वीसदा. हाताची मदत हळूहळू कमी करत नेतात. प्रत्येक प्रयत्नाची नोंद वहीत होते, त्यामुळे प्रगती झाली की नाही याचा निवाडा भावनेवर राहत नाही. एक पायरी पक्की झाली की दुसरी. अनुकरणातून शब्द, शब्दांतून वाक्य, आणि खुर्चीत शिकलेले अंगणात, आजीजवळ, दुकानात वापरता येणे. ॲन-मारीकडे ब्रिजेट टेलर ही तरुण शिक्षिका आली तेव्हाचे पहिले दिवस लेखिकेने रंगवले आहेत: आत मूल रडते आहे आणि आई दाराबाहेर. हा प्रसंग मला वाचवेना, आणि त्यामुळे वाचावाच लागला.

माझाही या पद्धतीविरुद्ध एक जुना पूर्वग्रह होता, हे इथे कबूल करतो. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्षांत आम्हांला बी. एफ. स्किनर शिकवला गेला तो केवळ खोडून काढण्यासाठी. उंदीर, कबुतरे, दाण्याचे आमिष. माणसाची इच्छाशक्ती कुठे गेली? परीक्षेत त्याचे खंडन लिहून मी उत्तम गुण मिळवले होते. एखाद्या मुलाला ‘आई’ हा शब्द उच्चारता यावा म्हणून कोणी स्किनरचा आधार घेत असेल, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हते.

आता मूळ अभ्यासाकडे वळू. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करणारे, जन्माने नॉर्वेचे, ईवार लोवास यांनी १९८७ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यावर मॉरिस कुटुंबाची सारी आशा उभी होती. चार वर्षांच्या आतली एकोणीस मुले. आठवड्याला चाळीस तास, दोन वर्षे किंवा अधिक काळ उपचार. त्यांतील नऊ मुले साधारण शाळेत पहिली इयत्ता उत्तीर्ण झाली आणि त्यांची बुद्धिमत्ता चाचणीत सर्वसामान्य ठरली. तुलनेसाठी घेतलेल्या चाळीस मुलांत असे फक्त एक मूल निघाले. हे आकडे त्या काळी विजेसारखे चमकले, आणि पुढे मॉरिसबाईंच्या पुस्तकाने ते हजारो घरांत पोहोचवले. स्वमग्न मुलाला काही शिकवता येत नाही, त्याला संस्थेत ठेवा, असे आई-वडिलांना सांगणाऱ्या डॉक्टरांची बोलती या पुस्तकाने बंद केली. हे ऋण मोठे आहे.

परंतु मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. शिकवणारे उपलब्ध असतील त्याप्रमाणे झाली होती. उपचारात मोठ्याने दटावणे आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणे यांचाही वापर होता. साठच्या दशकात लोवास यांच्या प्रयोगांत विजेचे धक्केही होते. आज या क्षेत्रातील बहुसंख्य लोक शिक्षेचा मार्ग सोडून खेळातून, मुलाच्या आवडीच्या मागे जाऊन शिकवण्याकडे वळले आहेत. २००० साली लोवास यांच्याच सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासात फायदा दिसला, पण पुष्कळ मर्यादित. २०१८ च्या एका आढाव्यात या उपचाराचे पाच अभ्यास आणि २१९ मुले एकत्र पाहिली गेली. निष्कर्ष असा, की काही लाभ होतो, मात्र पुरावा भक्कम म्हणता येत नाही. म्हणजे पद्धत खोटी नव्हे आणि चमत्कारही नव्हे.

आता शिक्षिकेच्या पेन्सिलीकडे येतो. एकोणीसपैकी नऊ. उरलेल्या दहांचे काय? लोवास यांच्या निबंधात ते लिहिलेले आहे: आठ मुले वाचादोष असलेल्या मुलांच्या विशेष वर्गात गेली, दोन मुले तीव्र अडचणींसह राहिली. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परतला, तेव्हा प्रभूने उरलेल्या नऊजणांची चौकशी केली. इथे नऊजण सर्वांच्या तोंडी आहेत आणि चौकशी व्हायला हवी ती दहांची. मॉरिसबाईंनी सगळीच मुले बरी होत नाहीत हे नाकारलेले नाही. तशी कबुली पुस्तकात आहे. पण वाचकाच्या मनावर ठसते ते कथानक, एखादी कबुली नव्हे. आणि या पुस्तकाचे कथानक पुनरुत्थानाचे आहे: मूल हरवले होते, सापडले; मेले होते, जिवंत झाले. एकदा नव्हे, दोनदा. असे कथानक सापडलेल्या मुलाच्या आईला आनंदस्तोत्र वाटेल. ज्या आईचे मूल पुस्तकातल्या अर्थाने सापडलेच नाही, तिला ते निकालपत्र वाटते. आपण लवकर सुरुवात केली नाही, चाळीस तास दिले नाहीत, पैसा नव्हता, श्रद्धा कमी पडली. बेटलहाइमने आईच्या डोक्यावर ठेवलेले ओझे मॉरिसबाईंनी उतरवले खरे, पण अजाणता त्यांनी तिच्या हाती घड्याळ दिले, आणि घड्याळही आरोप करू शकते.

चाळीस तासांचे गणितही सर्वांना सारखे नसते. शाळेची नोकरी, सासूचे आजारपण, लोकलचा प्रवास आणि घरी येऊन शिकवणाऱ्या तज्ज्ञांची टंचाई असलेल्या आपल्या आयांनी न्यूयॉर्कमधील त्या घराशी तुलना करून स्वतःला दोषी ठरवू नये, एवढेच म्हणतो.

याहून खोल प्रश्न शीर्षकातच आहे. ‘मला तुझा आवाज ऐकू दे’ अशी विनवणी करणारे पुस्तक आवाज म्हणजे काय समजते? लेखिकेच्या दृष्टीने तो शिकवलेल्या शब्दांतून येणारा, आपल्यासारखा आवाज आहे. त्याआधीचे रडणे, हात झटकणे, एकच वस्तू फिरवत राहणे हा तिला केवळ शत्रूचा मुलूख वाटतो; त्यातही मूल काही सांगत असेल ही शक्यता ती फारशी तपासत नाही. योगायोग असा, की पुस्तक निघाले त्याच १९९३ साली टोरोंटो येथील एका आंतरराष्ट्रीय परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने आई-वडिलांपुढे भाषण केले. त्याचा आशय असा होता, की आमच्यासाठी शोक करू नका. तुम्ही ज्या मुलाची वाट पाहिली ते आले नाही, याचे दुःख तुमचे आहे, पण जे आले आहे ते इथे उभे आहे, त्याला भेटा. पुढे २००४ मध्ये कॅनडाच्या मिशेल डॉसन या स्वमग्न बाईंनी वर्तनोपचारकांच्या नीतीवर घणाघाती निबंध लिहिला. या उपचाराबद्दलच्या निर्णयांत स्वमग्न माणसांना कुणी विचारतच नाही, हा त्यांचा मुद्दा. जेरिकोच्या वेशीवर बसलेल्या आंधळ्या बार्तिमयाला काय हवे असेल हे कुणालाही दिसत होते; तरीही प्रभूने त्याला आधी विचारले.

मी सिंक्लेअर यांच्याशी सर्वस्वी सहमत आहे असे मात्र नाही. न बोलणारे मूल दात दुखतो हे सांगू शकत नसेल, रस्त्यावर धावत सुटत असेल, स्वतःचे डोके भिंतीवर आपटत असेल, तर त्याला शिकवणे हा त्याच्यावरील आघात नव्हे. न शिकवणे हा आघात आहे. शिकवणे आणि दुसरेच कुणी बनवणे यांत फरक आहे, आणि हा फरक मॉरिसबाईंच्या पुस्तकात पुसट झाला आहे.

तो स्पष्ट दिसतो दुसऱ्या एका आईच्या लेखनात. क्लारा क्लेबोर्न पार्क या मॅसॅच्युसेट्समधील इंग्रजीच्या प्राध्यापिकेने १९६७ साली ‘द सीज’ हे पुस्तक लिहिले आणि २००१ साली त्याचा उत्तरभाग ‘एक्झिटिंग निर्वाणा’. तिची मुलगी जेसी ‘बरी’ झाली नाही. ती स्वमग्नच राहिली, आणि चित्रकार झाली, महाविद्यालयाच्या टपाल विभागात नोकरीही करू लागली. या घरातही बक्षिसाचे तंत्र होते. गॉल्फचे फटके मोजण्याचे एक छोटे यंत्र हातात घेऊन मुलगी आपले गुण स्वतः मोजत असे. पण तिथे तंत्र मुलीच्या मालकीचे झाले. साहित्य म्हणून पाहिले तर पार्कबाईंचे गद्य सावकाश आणि थोडे कोरडे आहे. मॉरिसबाईंची गती आणि नाट्य त्यात नाही. मात्र त्या गद्यात शेवटच्या पानानंतरही मूल वाढत राहते.

माझ्या मताला एक छोटा अनुभव कारणीभूत आहे. त्या शिक्षिकेचा मुलगा दहा वर्षांचा असताना त्याची पहिली कम्युनियन व्हावी अशी घरच्यांची इच्छा होती. ओस्ती जिभेला चिकटली की तो थुंकून टाकी. दर शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये आम्ही सराव सुरू केला: आधी नुसते बाकावर बसणे, मग रांगेत उभे राहणे, मग मिस्सेत अर्पण न झालेल्या साध्या ओस्तीचा नखाएवढा तुकडा. जमले की घंटेचा दोर ओढायला मिळायचा. चार महिने गेले. आपण लोवास यांचीच पद्धत वापरत आहोत हे मला तेव्हा कळले नव्हते. एका ज्येष्ठ नातेवाइकांनी आडून विचारले, “फादर, याला समजते का काही? की नुसते गिळायला शिकवलेत?” प्रश्न गैर नव्हता. मुलांना पुरेसे ज्ञान आणि तयारी असावी असे चर्चचा कायदाही सांगतो. अमेरिकेतील बिशपांनी १९९५ साली दिव्यांगांच्या संस्कारांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत मात्र असे म्हटले आहे, की ख्रिस्तशरीर आणि साधे अन्न यांतील भेद मुलाला कळतो हे शब्दांवाचून, हावभावातून किंवा आदरयुक्त शांततेतूनही प्रकट होऊ शकते. मॉरिसबाईंच्या शीर्षकातील आवाजाची व्याख्या इथे रुंदावते. कम्युनियनच्या दिवशी मुलाने ओस्ती स्वीकारली, क्षणभर स्तब्ध उभा राहिला, आणि मग नेहमीप्रमाणे दोराकडे बोट दाखवले. मी त्याला दोर दिला. त्या क्षणी त्याच्या मनात काय होते ते मला कळले नाही, आणि कळले असे मी कुणाला सांगितलेही नाही.

नव्याने निदान झालेल्या मुलाच्या आई-वडिलांना मी मॉरिसबाईंचे पुस्तक देईन का? देईन, पण एकटे नाही. त्यातील पूर्वार्ध त्यांना सोबत करील, मिठीच्या उपचाराचा भाग त्यांना भोंदूपणापासून वाचवील, आणि खुर्चीची पाने त्यांना काम दाखवतील. उत्तरार्ध वाचताना हाताशी पार्कबाई असाव्यात.

शिक्षिकेला तिची प्रत परत करताना ‘एक्झिटिंग निर्वाणा’ सोबत दिले. इंग्रजी जड जाते, दिवसाला चार पानेच होतात, असे ती सांगत होती. परवा मिस्सेनंतर थांबून तिने विचारले, ते गॉल्फचे मोजणी-यंत्र मुंबईत कुठे मिळेल?